लेकरू परमुलखात सरावाला जातं तेव्हा

भोकरच्या बचत गटाच्या बाया आज टेनिसवर बोलणार, हे ऐकून काहीजणी हसतील. हसा. आमच्या मासिक बैठकीतही आधी हशाच पिकला होता. कर्जाचा हप्ता, शेळ्यांचा विमा, आणि मधेच हे टेनिस कुठून आलं?

आलं ते असं. गटातल्या एका ताईंची लेक तेरा वर्षांची, पळण्यात वाऱ्यासारखी. तिला क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला पाठवा, असं शाळेतले सर सांगून गेले. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे सरकारची निवासी सोय. राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं तिथंच. ताई म्हणाल्या, "माझं लेकरू कधी नांदेडला एकटं गेलं नाही, पुण्याला कसं राहील माय?" त्यावर दुसरी म्हणाली, पुण्याचं एक पोरगं तर इटलीत राहून खेळतं म्हणे. मग आम्ही ठरवलं, परमुलखात गेलेलं लेकरू दिवसभर करतं काय, हे नीट समजून घ्यायचं.

त्या पोराचं नाव मानस धामणे. जन्म डिसेंबर २००७ चा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धा झाली, तेव्हा पंधरा वर्षांचा हा मुलगा मोठ्या माणसांच्या स्पर्धेत उतरला. अमेरिकेच्या मायकेल ममोहकडून २-६, ४-६ असा हरला. पण नाव झालं. सरावाला तो इटलीतल्या बोर्दिगेरा गावी, रिकार्डो पियाट्टी यांच्या अकादमीत जात असे.

अशा अकादमीतल्या पोरांचा दिवस साधारण सारखाच जातो. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं चालतं. आपण साडेअकराला बांधावर भाकरी सोडतो, तेव्हा तिकडं सकाळचे आठ वाजलेले असतात. अंग मोकळं करायचं, मग कोर्टावर एकच फटका शेकडो वेळा मारायचा. जेवण, थोडी विश्रांती, अभ्यास, बहुतेक ऑनलाइन. दुपारी पुन्हा कोर्ट, नंतर पळणं, वजनं, आणि शेवटी अंग ताणून सैल करणं. ऐकताना एक आजी म्हणाल्या, "हे तर रोजंदारीपेक्षा जड हाय."

युरोपात पुष्कळ कोर्टं लाल असतात. ती माती म्हणजे विटांचा चुरा. त्यावर चेंडूचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो, म्हणून खेळ लांबतो, दम लागतो. खेळ संपला की खेळाडूनं स्वतः जाळी ओढून माती सारखी करायची आणि पांढऱ्या पट्ट्या झाडायच्या, अशी रीत आहे. पोरगं झाडू मारतं, हे बैठकीत सगळ्यांत जास्त आवडलं!

आता फिरण्याचं. सुट्टीच्या दिवशी बोर्दिगेरात बघण्यासारखं पुष्कळ आहे. एका बाजूला समुद्र, टेकडीवर जुनं गाव, आणि फ्रान्सची हद्द वीस किलोमीटरच्या आत. क्लोद मोने हा मोठा फ्रेंच चित्रकार १८८४ मध्ये इथं येऊन राहिला आणि त्यानं इथल्या झाडांची चित्रं काढली. झाडं कसली, तर खजुराची, म्हणजे आपल्या शिंदीच्या भावकीतली. आपण शिंदीचे फडे बांधतो. तिकडं कोवळी पानं झाडावरच बांधून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणजे ती पांढरी राहतात. मग त्यांची नक्षीदार वीण करून ईस्टरच्या आधीच्या रविवारी रोमला पोपकडे पाठवतात. हा मान कसा मिळाला त्याची गोष्ट सांगतात. १५८६ मध्ये रोमला मोठा दगडी खांब उभा करताना कोणी तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. दोर सुटायला लागले तेव्हा तिथला एक खलाशी ओरडला, दोरांवर पाणी मारा! ओला दोर आवळतो, हे विहिरीवर पाणी शेंदलेल्या बाईला सांगायला नको.

"ते राहू द्या, लेकराला जेवू कोण घालतं?" ताईंनी मुद्द्यावर आणलं. याला उत्तर यानिक सिनर या खेळाडूचं. इटलीच्या डोंगरी भागातला. वडील स्वयंपाकी, आई वाढपीण. तेराव्या वर्षाच्या सुमारास याच बोर्दिगेराला आला आणि एका प्रशिक्षकाच्या घरी, त्यांच्या पोरांबरोबर राहिला. २०२४ मध्ये तो जगात पहिल्या नंबरला गेला. पण पहिल्या नंबरवर आम्ही फार वेळ घालवला नाही. परक्या घरी पोराला ताट मिळालं, दटावणारं माणूस मिळालं, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटली.

पोरीचं उदाहरण हवं, तर श्रीरामपूरची ऋतुजा भोसले घ्या. टेनिसवर अमेरिकेतल्या टेक्सासच्या विद्यापीठात शिकली आणि २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर सुवर्णपदक जिंकली. आणि आपल्याच नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव व्हीलचेअरवर बसून पॅरिसला २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन पुढं होती.

खरं बोलायचं तर टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ. रॅकेट, विमानाची तिकिटं, परदेशी प्रशिक्षक, हे आपल्या गटाच्या कर्जात बसत नाही, आणि बसवूही नये. म्हणून तर सरकारी सोय सोडायची नाही, असं आम्हाला वाटतं. पण नुसतं "पाठवा" म्हणणाऱ्यांचाही आम्हाला राग येतो. आईची भीती खोटी नसते.

म्हणून आम्ही ताईंसोबत बसून वहीत प्रश्न लिहिले. वसतिगृहात रात्री मुलींजवळ बाईमाणूस असतं का? घरी फोन कोणत्या वेळी लावता येतो? पाळी आली किंवा अंग दुखलं तर सरावाला सुट्टी मागता येते का, आणि मागितली तर कोणी रागावतं का? स्पर्धेला बाहेरगावी जाताना सोबत कोण? खेळ सुटला तर शाळेचं वर्ष वाया जातं का? शेवटचा प्रश्न पोरीनं स्वतः सांगितला: रविवारी गाव बघायला सोडतात का?

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं ताई, त्यांची लेक आणि आमच्यातल्या दोघी पुण्याला निघणार आहेत. वही सोबत आहे. उत्तरं मिळाली की याच वेळी, याच रेडिओवर सांगू. नमस्कार.