यंत्राला दिलेली संथा



वऱ्हाडातील एखादी वृद्धा दूरध्वनीवर ‘डोया दुखते’ असे म्हणाली, तर पलीकडच्या मराठी माणसाला तिचा डोळा दुखतो हे तत्क्षणी उमगते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो हा नियम त्याने पाठ केलेला नसतो. त्याने ती बोली ऐकलेली असते. यंत्राचेही नेमके असेच आहे. बोलणे ऐकून काम करणारी यंत्रे आता घरोघरी भ्रमणध्वनीतून पोहोचली आहेत. ती कोणाचे बोलणे ऐकून शिकली, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

माणसाचे बोलणे यंत्रापर्यंत पोहोचते ते शब्दरूपाने नव्हे, तर हवेच्या दाबातील चढउतारांच्या रूपाने. हा चढउतार सेकंदाला साधारणतः १६,००० वेळा मोजला जातो. अर्ध्या सेकंदात उच्चारलेला ‘डोळा’ हा शब्द म्हणजे यंत्राच्या लेखी ८,००० आकड्यांची रांग होय. या रांगेचे सुमारे २५ सहस्रांश सेकंदाचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेचा जोर किती आहे ते काढतात. एकाच व्यक्तीने तोच शब्द दोनदा उच्चारला तरी ही रांग तंतोतंत सारखी येत नाही. सर्दी, घाई, वय, डोक्यावर फिरणारा पंखा, सारे काही त्या आकड्यांत मिसळलेले असते. या गोंधळातून ‘डोळा’ वेगळा काढणे म्हणजेच संकेताची ओळख.

१९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने शून्य ते नऊ हे अंक ओळखणारे यंत्र तयार केले; परंतु ते ज्याच्या आवाजाशी जुळवून घेतले असेल, त्याचाच आवाज त्याला नीट कळे. पुढे या क्षेत्राला दिशा देणाऱ्यांत एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. आंध्रातील कातूर या खेड्यात १९३७ साली जन्मलेल्या राज रेड्डी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात वाणी ओळखण्याच्या संशोधनाचा पाया घातला. तेथे १९७६ साली सिद्ध झालेली ‘हार्पी’ ही प्रणाली १,०११ शब्द ओळखत असे. रेड्डी यांना १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ज्या देशाने त्यांना घडविले, त्या देशाच्या भाषा मात्र या संशोधनात दीर्घकाळ मागेच राहिल्या.

त्या काळी तज्ज्ञांचा बराच भर भाषेचे नियम यंत्राला सांगण्यावर होता. नियमांच्या बाबतीत भारताने कोणाकडे पाहण्याचे कारण नव्हते. वर्णांची उच्चारस्थाने आणि प्रयत्न यांची जी व्यवस्था शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी लावली, ती आजही ध्वनिशास्त्राला मान्य होते. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांची रचना पाहून जगभरचे संगणकतज्ज्ञ थक्क होतात. तथापि पाणिनीने संगणकाचा शोध लावला होता, असे सभेत ठोकून देणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेलेच बरे. पाणिनीला त्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. शिवाय आजची यंत्रे नियमांनी चालतही नाहीत. ती उदाहरणांनी शिकतात.

या शिकण्याचा इतिहास चढउतारांचा आहे. १९४३ साली मॅककलक आणि पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशीचे गणिती प्रारूप मांडले. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट यांनी ‘परसेप्ट्रॉन’ची कल्पना प्रसिद्ध केली, त्यावरून बनविलेल्या यंत्राला ४०० प्रकाशघटांचा डोळा होता. १९६९ साली मिन्स्की आणि पेपर्ट यांनी एकपदरी जालाच्या मर्यादा सिद्ध केल्या आणि उत्साह ओसरला. १९८६ साली रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेकपदरी जालाला चुकांवरून शिकविण्याची रीत प्रस्थापित केली. २०१२ साली सुमारे १२ लाख चित्रांवर शिकविलेल्या जालाने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांना फार मागे टाकले आणि मग साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. हॉपफील्ड आणि हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या परंपरेतील कामासाठीच.

ही रीत समजण्यासाठी वेदपाठशाळेतील संथा आठवावी. गुरुजी म्हणतात, शिष्य मागून म्हणतो. स्वर चुकला की गुरुजी तेथल्या तेथे थांबवितात आणि शिष्य पुन्हा म्हणतो. यंत्रातील जालाच्या प्रत्येक जोडणीला एक भारांक असतो. जालाने ‘डोळा’ऐवजी ‘गोळा’ असे उत्तर दिले, की ती चूक उलट दिशेने एकेका पदरातून मागे नेली जाते आणि चुकीला ज्या जोडणीचा जितका हातभार, तितका तिचा भारांक किंचित बदलला जातो. असे कोट्यवधी वेळा घडते. भेद एवढाच की, शिष्याला दहा-वीस आवर्तने पुरतात. यंत्राला आवाजाचे डोंगर लागतात.

आणि हे डोंगर कोणाच्या आवाजाचे आहेत? २०२२ साली एका अमेरिकी कंपनीने प्रसिद्ध केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकविली गेली. त्यातील अवघे १,१७,००० तास इंग्रजीखेरीज ९६ भाषांनी मिळून वाटून घेतलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठीही त्याच वाटणीत उभी आहे.

अपुरी संथा मिळालेले यंत्र गप्प बसत नाही, ही यातील खरी मेख होय. जे ओळखीचे नाही त्याला ते ओळखीच्या साच्यात कोंबते आणि उत्तर मात्र ठामपणे देते. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. प्रामुख्याने हिंदीवर पोसलेल्या यंत्राने ‘वेळ’चा ‘वेल’ केला, ‘काळ’चा ‘काल’ केला, तर नवल नाही. ‘जरा’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. एकाचा अर्थ थोडे, दुसऱ्याचा वार्धक्य. देवनागरी हा भेद दाखवीत नाही, कान दाखवितो. वऱ्हाडी माणसाचा ‘काया’ म्हणजे काळा, हे ज्याने ऐकलेच नाही ते यंत्र तेथे शरीर लिहून मोकळे होईल. कथेत हे गमतीचे वाटेल. परंतु औषधाची वेळ, पिकावरील किडीचे वर्णन किंवा जबानीतील एखादा ‘नाही’ जेथे यंत्र टिपून घेणार असेल, तेथे त्याची किंमत बोलणाऱ्यालाच मोजावी लागते. यंत्राने तसे का ऐकले, याचे कारण लक्षावधी भारांकांत विखुरलेले असल्याने ते बनविणाऱ्यालाही नेमके दाखविता येत नाही.

या दिशेने देशात काम सुरू झाले आहे. २०२२ साली ‘भाषिणी’चा प्रारंभ झाला, तिच्या ‘भाषादान’ उपक्रमात कोणीही नागरिक आपला आवाज देऊ शकतो. मद्रासच्या आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २२ भाषांतील १६,००० हून अधिक लोकांचे ७,००० हून अधिक तासांचे बोलणे २०२४ साली अभ्यासकांपुढे ठेवले. त्यात वाचून दाखविलेला भाग थोडा आणि उत्स्फूर्त बोलणे अधिक, हे विशेष. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘रेस्पिन’ प्रकल्पात मराठीसह नऊ भाषांचे बोलीभेद ध्यानात घेऊन मुद्रण झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय अभियानासाठी १०,३७२ कोटी रुपयांना मंजुरी दिली. पैसा आणि यंत्रे यांतून गणनशक्ती येईल. परंतु आवाज विकत आणता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. त्या उत्साहाचा काही अंश ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला यावयास हवा होता.

रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला तो याच जातीच्या अडचणीतून. मुद्रणाचे यंत्र परकीय, त्यात देवनागरीचे शेकडो खिळे मावेनात. तेव्हा त्यांनी ‘अ’ची बाराखडी पुढे केली. त्या काळी लिपीला यंत्राजोगे व्हावे लागले. आज यंत्रच भाषेजोगे होऊ शकते, मात्र त्यासाठी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली बोलणारी माणसे त्याच्यासमोर बसावी लागतील. हे काम प्रयोगशाळेतील शांत खोलीत होत नाही. बाजाराच्या दिवशी, ओसरीवर, चुलीपाशी, दात पडलेल्या आजोबांना आणि भरभर बोलणाऱ्या सुनेला त्यांच्याच विषयावर बोलते करावे लागते. नंतर कोणीतरी बसून त्यातला शब्द न् शब्द, प्रमाणभाषेत न बदलता, ‘डोया’ला ‘डोया’च लिहून काढावे लागते. एका तासाच्या बोलण्याला लिहिणाऱ्याचे कित्येक तास जातात.

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)