मत दिले, आता सभेस चला!

(नरडाणा येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती कडू लागली तरी ऐकून घ्यावी.

आपल्या लोकांत मताविषयी पुन्हा उत्साह आला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. विधानसभेच्या २०१९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात शेकडा ६१ मतदारांनी मत दिले. २०२४ साली हा आकडा शेकडा ६६ वर गेला. आपल्या धुळे लोकसभा मतदारसंघात तर २०२४ साली हारजीत अवघ्या ३,८३१ मतांनी ठरली. दोन-तीन गावांचे मतदार इकडचे तिकडे झाले असते, तर निकाल फिरला असता! "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणारास याहून दुसरे उत्तर कशास हवे?

हे मत आपल्या वाडवडिलांना नव्हते. १९१९ च्या कायद्याने कौन्सिलचे दार किलकिले झाले, परंतु खेड्यात मुख्यतः ठराविक सारा भरणाऱ्यासच आत वाव होता. सालदार, मजूर, सुतार, लोहार, चांभार बहुतेक बाहेरच उभे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने जात, जमीन, शिक्षण काही न विचारता प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास मत दिले, आणि १९५१-५२ साली ते प्रथम वापरले गेले.

पण बंधूंनो, शेत पेरून राखण केली नाही, तर पीक कोणाच्या घरी जाते? मत देणे ही पेरणी. राखण व्हावयाची ती ग्रामसभेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही. वर्षातून निदान चार सभा घेतल्या पाहिजेत, असा कायदा आहे. गावाचा जमाखर्च, विकासाचा आराखडा, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, हे सारे विषय तेथे येतात. मग आपण कोठे असतो? पारावर!

आता यातली मेख ऐका. सभा भरण्यास शंभर मतदार, किंवा एकूण मतदारांच्या शेकडा १५, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला संख्येची अटच उरत नाही! दहा माणसे बसतात, ठराव होतात, आणि कागदावर ते अख्ख्या गावाचे ठराव ठरतात. मागाहून "आमचे नाव यादीतून का गळाले?" म्हणून ओरडण्यात काय अर्थ? आपण घरी बसलो, हीच आपली संमती धरली जाते.

महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चण्याचा ठराव १८८० साली आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. ते तेथे हजर होते, म्हणून बोलू शकले. घरी बसून कोणाला विरोध करता येतो काय?

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. सभेची नोटीस लागली की ती आळीआळीत वाचून दाखवा. प्रत्येक घरातून एक तरी माणूस पाठवा. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. तेथे बायकांनी पाण्याचे, दारूचे, शाळेचे प्रश्न मांडावेत, पुरुषांनी आडवे येऊ नये. झालेला ठराव सभेतच मोठ्याने वाचावयास लावा. कागद दाखवीत नसतील, तर २००५ च्या माहितीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपये भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर मागण्याचा आपणांस हक्क आहे. भांडण नको, शिवीगाळ नको, हिशेब हवा.

घरच्या बैलाचा सौदा करताना आपण चारदा दात मोजतो. गावाच्या पैशाचा सौदा होताना एकदा तरी हजर राहू या. पुढची नोटीस लागेल, तेव्हा शंभरावा माणूस येईल की नाही, याची वाट पाहू नका. तो शंभरावा तुम्हीच व्हा!