घमेल्यापासून थापीपर्यंत
(सहाय्यकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा गोषवारा)



खरिपाची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याकडची, धडगाव-अक्कलकुव्याकडची आपली माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीला, तर पुष्कळ जण ठाणे, वसई, नाशिक, सुरत येथे बांधकामावर जातात. तेथे त्यांच्या वाट्याला बहुधा बिगारीच येते. नवरा खोदतो, माल कालवतो. बायको घमेले वाहते. मुलेही बरोबरच असतात.

हेच काम आता कमी होत चालले आहे. मोठ्या इमारतीवर काँक्रीट रेडीमिक्सच्या गाडीतून येते आणि पंपाने वर चढते. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती व स्लॅब एकदम ओततात, त्यामुळे विटा आणि गिलावाही कमी लागतो. घमेल्यांची रांग मोडली, आणि पहिला फटका आपल्या भगिनींना बसला.

मग काम वाढले कोठे? फरशी, नळजोडणी, वायरिंग, पीओपी, रंग, वॉटरप्रूफिंग यांत. बिल्डर ही कामे स्वतः करत नाही. प्रत्येक कामाचा वेगळा ठेकेदार असतो व त्याची स्वतःची टोळी असते. अशा टोळीतल्या कारागिराची मजुरी बिगाऱ्यापेक्षा बरीच जास्त असते आणि कामही पावसाळ्यात बंद पडत नाही.

पण या टोळीत शिरायचे कसे? फरशीच्या कामावर राजस्थानची कितीतरी माणसे दिसतात. काकाने पुतण्याला आणले, पुतण्याने गावच्या मित्राला. मुलगा आधी फरशी उचलून देतो, मग कापतो, मग एक दिवस ओळंबा आणि थापी हातात येते. आपल्या वारली, कातकरी, पावरा मुलांच्या हाताला कसब कमी नाही. त्यांना धंद्यात काका नाही, एवढेच. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेल्या मुलाला तर शिकायला सवडच मिळत नाही; आधी उचल फेडायची असते.

दुसरी अडचण कागदाची. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला व तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी राखला. महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ २०११ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या व वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची नोंदणी होते. नोंद असेल तर पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये व आठवी ते दहावीच्या मुलाला ५,००० रुपये साहाय्य मिळते. कामावर मृत्यू आला तर वारसाला ५ लाख रुपये मिळतात. पण ९० दिवसांचा दाखला लागतो. चार जागी, चार ठेकेदारांकडे राबलेल्या माणसाला तो द्यायचा कोणी? मुकादम हात झटकतो, आणि ज्याने खरोखर घाम गाळला तोच यादीबाहेर राहतो.

म्हणून आज आपणाकडे देणगीखेरीज तीन गोष्टी मागतो. आपल्या मंडळीत ठेकेदार, वायरमन, प्लंबर असतील, त्यांनी प्रत्येकी एक मुलगा वर्षभर हाताखाली घ्यावा; केवळ ओझी उचलायला नव्हे, तर काम शिकवायला. मुलींनाही रंगकाम आणि फरशीचे सांधे भरण्याचे काम शिकवता येते. ज्यांच्या घराचे काम निघेल त्यांनी ठेकेदाराला विचारावे, "मजुरांची नोंदणी आहे का? हजेरी लिहिता का?" मालकाने विचारले की वही निघते. आणि शहरात साइटवर आपली कुटुंबे दिसली तर मुलांना जवळच्या शाळेत पोहोचवायला मदत करावी.

एक कारागीर उभा राहिला की पुढच्या वर्षी तो पाड्यावरून भावाला आणतो, मेव्हण्याला आणतो. त्या पाड्याला मग बाहेरच्या काकाची गरज उरत नाही. पहिला काका मात्र आपल्यापैकीच कोणीतरी व्हावे लागेल. जे एका मुलाला शिकवायला तयार असतील त्यांनी आपले नाव आजच आमच्या कार्यकर्त्यांकडे द्यावे, ही नम्र विनंती.