पाठिंबा कशासाठी? : यशवंतराव चव्हाण आणि १९६२ चा नोव्हेंबर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जबलपूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी समारंभात वक्त्याने मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. आढावा कार्यवाहांनी आपल्या निवेदनात घेतलेलाच आहे, आणि माझ्याहून नेटका घेतला आहे. मला बोलावयाचे आहे ते एका नेमणुकीविषयी, आणि तिला पाठिंबा देण्याच्या प्रश्नावर आमच्या घरात झालेल्या मतभेदाविषयी.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीस होते. पाळ्या वाढल्या होत्या. अण्णा घरी येत ते झोपण्यापुरतेच. आईने हातातील एक पाटली राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली होती. कृष्ण मेनन यांना ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातून जावे लागले, आणि पंडित नेहरूंनी संरक्षणमंत्रिपदासाठी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीस बोलावले. २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी शपथ घेतली. त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धविरामाची घोषणा ऐकू आली. म्हणजे हाती आले ते चालू युद्ध नव्हे, तर पराभवाचा हिशेब.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य त्या दिवसांत मराठी माणसाच्या ओठी होते. अण्णांच्या तर फारच. आमचे मूळ गाव कराडजवळचे; त्यामुळे आपल्या कारखान्याचा सर्वांत वरचा अधिकारी आता आपल्या नदीकाठचा आहे, ह्याचे त्यांना अपार कौतुक. त्यांनी थोरल्या बंधूंना, म्हणजे आमच्या आबांना, गावी उत्साहाने पत्र धाडले. आबा कट्टर समितीवाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यशवंतरावांनी नेहरूंची बाजू घेतली, हे त्यांनी कधी क्षमा केले नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत यशवंतराव कराडहून थोड्याशा मतांनी निवडून आले. ते पडावेत म्हणून आबा सायकलवरून वाड्यावस्त्या हिंडले होते.

आबांचे उत्तर अंतर्देशीय पत्रावर आले. अण्णांना वाटले होते, त्यात शिव्याशाप असतील. पण आबांनी नेमणुकीला पाठिंबा दिला होता, आणि धाकट्या भावाची मात्र कानउघाडणी केली होती. मराठी म्हणून पाठिंबा देत असशील तर तो देऊ नकोस, असा त्याचा आशय. उद्या त्या जागी पंजाबी वा मद्रासी गृहस्थ आले, तर तुझा कारखाना काय कमी गोळ्या करणार आहे? पुढे त्यांनी आपली कारणे दिली होती. ह्या गृहस्थाने १९५६ पासून द्विभाषिक राज्य चालविले, ते निम्म्याहून अधिक लोक विरोधात असताना; विरोधकाचे ऐकून घेतले; मंगल कलश आल्यावर सूडबुद्धी धरली नाही; जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा करून आपल्याच हातची सत्ता खाली दिली. ज्या खात्यात मंत्री आणि सेनापती ह्यांचे बोलणेच खुंटले होते, तेथे असा माणूस हवा. आणि शेवटी एक अट: हा पाठिंबा वर्षभराचा, मग हिशेब मागावयाचा.

अण्णा दुखावले. आम्ही परमुलखात राहतो, आपल्या माणसाचा अभिमान बाळगू नये तर काय करावे, असे ते आईला म्हणाल्याचे मला आठवते. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याने हे शहर परके म्हणून अनुभवले, त्यालाच ते कळेल.

अमेरिकेत अशा नावाची सेनेट जाहीर तपासणी करते. १९८९ साली जॉन टॉवर ह्यांचे संरक्षणमंत्रिपदासाठीचे नाव तेथे ५३ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळले गेले. आपल्याकडे ती रीत नाही. पंतप्रधान नाव सुचवितात, राष्ट्रपती नेमतात. तपासणी होते ती नंतर, संसदेत. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चर्चा झडझडून झाली. लागोपाठ २ सप्टेंबरला यशवंतरावांनी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत ह्या अधिकाऱ्यांनी केलेल्या पराभवाच्या चौकशीसंबंधी निवेदन केले. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची पद्धत ह्यांतील उणिवा त्यांनी सभागृहापुढे मान्य केल्या. अहवाल मात्र गुप्तच ठेवला.

ह्यावर आबांचे दुसरे पत्र आले. निम्मा हिशेब मिळाला, असे त्यात होते. निष्कर्ष सांगितले, अहवाल दाखविला नाही. शत्रूच्या कानी जाऊ नये ते झाकावे, पण झाकण किती वर्षांचे, हे कोणी सांगितले नाही. २०१४ साली त्या अहवालाचा काही भाग परदेशी पत्रकाराकरवी बाहेर आला, तेव्हा मला आबांची आठवण झाली. ते तोपर्यंत हयात नव्हते.

उरलेला निम्मा हिशेब कामातून आला, हेही सांगितले पाहिजे. १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनांचे वायुदल हे तिचे उद्दिष्ट. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. दुपारी चारच्या सुमारास जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जनसिंग विमानांची परवानगी मागावयास आले. मंत्रिमंडळाच्या समितीची वाट न पाहता यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. सूर्यास्तापूर्वी विमाने उडाली. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने परतली नाहीत. होकाराची ही किंमतही त्यांच्याच नावे मांडावी लागते, आणि ती त्यांनी ओळखली असावी असे मला वाटते. एरवी त्या युद्धाची रोजनिशी त्यांनी इतक्या प्रांजळपणे लिहिली नसती.

नाशिकची गोष्ट राहिली. १९६३ साली यशवंतराव नाशिकच्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कराडच्या त्या काठावरच्या विजयाला अवघी सहा वर्षे झाली होती. अण्णांनी पेढे वाटले, आणि धीर करून आबांना पुन्हा लिहिले: आता तरी मान्य करा. आबांनी कळविले, मी नाशिकचा मतदार असतो तर मत त्यांनाच दिले असते; पण लढत व्हावयास हवी होती. चार सभा झाल्या असत्या, कोणी उठून नेफाबद्दल विचारले असते, आणि त्यांना उत्तर द्यावे लागले असते. त्यांना ते जमले असते, असेही पुढे लिहिले होते. माझ्या माहितीत आबांनी यशवंतरावांची केलेली ही एकमेव स्तुती.

यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ हा आत्मचरित्राचा पहिला खंड १९८४ साली वाचकांच्या हाती दिला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले. तो खंड १९४६ पर्यंत येऊन थांबतो. दिल्लीची हकीकत त्यांच्या लेखणीतून यावयाची राहून गेली.

आबांची तीन पत्रे माझ्याजवळ आहेत. घडीवर फाटली आहेत, शाई पुसट झाली आहे, परंतु वाचता येतात. अण्णांच्या ‘कृष्णाकाठ’च्या प्रतीत घालून ती मी आज मंडळाच्या ग्रंथालयाकडे देत आहे. ग्रंथपालांनी ती कपाटात ठेवावीत, पण कुलूप लावू नये, एवढी विनंती.