गॅसचा वास आणि थकणारं द्रावण

शहापूर-मुरबाडकडून ऐकणाऱ्यांना खास नमस्कार. मी मुरबाडचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो.

परवा आईचा फोन. "अरे, गॅसचा वास येतोय." म्हटलं, रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड, स्विचला हात लावू नको, बाहेर जाऊन १९०६ ला फोन कर. पाइप चिरला होता, बदलला. मग आईने विचारलं, "गॅसला असा घाण वास का रे असतो?"

खरं तर एलपीजीला वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे गंधकाचं संयुग मुद्दाम टाकतात. आणि काही ठिकाणी त्याआधी गॅसमधला गंधक काढायला केवढा खटाटोप होतो!

वसई आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातली. तिच्या नावाचं 'बसीन' गॅसक्षेत्र १९७६ साली अरबी समुद्रात सापडलं. तिथल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून तो 'सावर', म्हणजे आंबट गॅस. हा सल्फाइड विषारी. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.

हा गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने सुरतजवळ हजीऱ्याला ओएनजीसीच्या प्लांटमध्ये जातो. तिथे एमडीईए नावाच्या अमाइनचं द्रावण सल्फाइड धरतं. १२० अंशांच्या आसपास तापवलं की ते सोडतं. गार करून पुन्हा कामाला.

पण किती फेऱ्या? एमईए या जुन्या अमाइनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन असतात. तिथे कार्बन डायऑक्साइड चिकटतो आणि हळूहळू निकामी संयुगं बनतात. एमडीईएच्या नायट्रोजनवर ती जागाच नाही, म्हणून ते जास्त टिकतं. पण ऑक्सिजन आत शिरला, तर त्यातूनही फॉर्मिकसारखी आम्लं तयार होतात. ती अमाइनला अशी धरून बसतात की तापवूनही सुटत नाहीत. आमच्या भाषेत मेमरी लीक! प्रत्येक फेरीत थोडं अमाइन अडकतं. प्लांट चालू दिसतो, पण आत फेस येतो, पाइप गंजतात, सल्फाइड धरायची ताकद कमी होते.

सर्व्हर रीस्टार्ट होतो, द्रावण नाही. म्हणून टाक्यांवर नायट्रोजन भरून ठेवतात, नमुने तपासतात, आयन एक्स्चेंजने क्षार काढतात.

आईला म्हटलं, घरात तुझं नाक पुरेसं आहे, कारण तो वास तुझ्यासाठीच टाकलाय. हजीऱ्याच्या माणसाला मात्र मीटरच बघावा लागतो.

तुमच्या सिलेंडरच्या पाइपवरची तारीख आजच बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!