वसईतला वसंत, जुना फोन आणि चाळीस दिवस

मागचे दोन-तीन भाग आपण अप्रेजल, नोटीस पिरियड असल्या गोष्टींवर घालवले. बऱ्याच जणांनी मेसेज केला की जरा डोक्याला शांत वाटेल असं काहीतरी बोल. तर आज फोटोंबद्दल बोलतो. घाबरू नका, लेन्स आणि ट्रायपॉडवर लेक्चर देणार नाहीये. माझ्याकडे तीन वर्षं जुना फोन आहे, कोपऱ्यात स्क्रीन तडकलेली आहे, आणि सगळे फोटो त्याच्यावरच.

मी वसईचा, कॅथलिक. ऑफिसात नवीन कोणी आलं की हमखास विचारतं, "मग घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" नाही हो. आमची मिस्सा मराठीत, भजनं मराठीत, आणि भांडणं तर त्याहून अस्सल बोलीत. असो.

सध्या आमचा प्रायश्चित्तकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात तिथून सुरुवात, आणि शेवट ईस्टरला. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता, ईस्टर ५ एप्रिलला आहे. मोजलंत तर मधे ४६ दिवस येतात. मग चाळीस दिवस का म्हणतात? कारण सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा उपवासाचा दिवस नसतो. या काळात कोणी मटण-मासळी सोडतं, कोणी दारू, कोणी चहा. चहा सोडणाऱ्यांपासून पहिला आठवडा लांब राहावं. मी काही सोडत नाही, एक गोष्ट घेतो. रोज एक फोटो. एकच. दहा काढून त्यातला एक निवडायचा नाही, बटण एकदाच दाबायचं. रविवारी सुट्टी. हे माझं तिसरं वर्ष. आज रविवार आहे, काल २२वा फोटो झाला.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. दर ईस्टरला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छा येतात. त्यात ससा असतो, रंगवलेली अंडी असतात, हिरवंगार गवत आणि पिवळी डॅफोडिल्स. मला सशाबद्दल काही राग नाही. पण वसईत एप्रिलमध्ये हिरवंगार गवत? बाहेर जाऊन बघा की राव. गवत वाळून पिवळं पडलंय, वाऱ्याबरोबर धूळ उडतेय, बाजारात कैऱ्या आल्यात. बर्फ वितळल्यावर जमिनीतून फूल वर येतं, हा युरोपातला वसंत. त्यांच्याकडे ईस्टर आणि वसंत असे जोडले गेले ते बरोबरच आहे. आपल्याकडे वसंत उलट्या बाजूने येतो. आधी झाड पानं टाकून नागडं होतं, आणि मग त्या कोरड्या फांदीवर फूल येतं. माझ्या मते पुनरुत्थानाच्या सणाला हे डॅफोडिलपेक्षा जास्त शोभतं. पण त्याचं कार्ड कोणी बनवत नाही.

आणि ही काही माझी नवीन आयडिया नाही. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण छापून आलं. त्यात त्यांनी मराठीचं कौतुक केलंय. हजारो ओव्या लिहिणाऱ्या त्या इंग्रज माणसाला भाषेची उपमा देताना फुलांमध्ये कोणतं फूल आठवलं? मोगरा. गावाकडचं एखादं फूल टाकलं असतं तर त्यांना कोण अडवणार होतं? पण ते जिथे राहत होते तिथलंच फूल त्यांनी उचललं. चारशे वर्षांनी आपण मात्र डॅफोडिल फॉरवर्ड करतोय.

तर पहिल्या वर्षी मी ठरवलं की इथलाच वसंत शोधायचा. स्टेशनला जाताना एक काटेसावर लागते. मी रोज तिच्याखालून जायचो आणि वर कधी पाहिलंच नव्हतं, कारण नजर ट्रेनच्या ॲपवर. फेब्रुवारीत तिच्यावर एक पान नसतं आणि वाटीएवढी लाल फुलं. त्या फुलांतला रस प्यायला सकाळी साळुंक्या, बुलबुल, कावळे सगळे एकत्र येतात, विरार लोकलमध्ये असते तशी गर्दी. पहिला फोटो बेकार आला, कारण आकाशाच्या उजेडाने फूल काळं पडलं. फोन सगळ्या चित्राची सरासरी काढतो, आकाश मोठं आणि पांढरं, म्हणून बाकीचं अंधारात जातं. उपाय सोपा आहे. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळीच जा, आणि फुलावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. पिंपळाचं नेमकं उलटं. त्याची नवी तांबूस पानं सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहायची, म्हणजे पानाच्या शिरा दिव्यासारख्या पेटतात.

एके दिवशी बावखळाचा फोटो काढायला गेलो. वसईबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, केळी आणि फुलझाडांना तेच पाणी. आमच्याकडे अशी बरीच होती. त्यातली कितीतरी भरणी टाकून बुजवली, वर बिल्डिंगा आल्या. मी ज्याच्या काठावर लहानपणी बेडूक पकडायचो, त्याचा अर्धा भाग डेब्रिजखाली गेलाय. उरलेल्या अर्ध्यात त्या दिवशी एक खंड्या बसला होता. मी खंड्याचा नाही, डेब्रिजचा फोटो काढला. प्रायश्चित्तकाळ आहे, सगळंच गोड कशाला दाखवायचं?

आता जरा आपल्या इंजिनिअर मंडळींसाठी. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी नाही आणि २५ एप्रिलच्या नंतर नाही. डोनाल्ड नूथच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'च्या पहिल्या खंडात ही तारीख काढण्याचा अल्गोरिदम व्यायाम म्हणून दिलेला आहे. कॉलेजात असताना मी तो कोड लिहिला होता, माझ्या आयुष्यातला बहुतेक एकमेव कोड ज्याचं आजीला कौतुक वाटलं. या नियमाची गंमत काय, तर चर्चच्या हिशेबातली ही पौर्णिमा कायम पवित्र आठवड्यातच पडते. म्हणजे आपल्या पंचांगाशी गाठ पडणारच. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आहे, त्याच दिवशी आमचा पवित्र गुरुवार. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता आणि त्याच रात्री होळी पेटली. सकाळी आम्ही झावळ्या हातात घेऊन मिरवणुकीत, रात्री सोसायटीत होळीला नारळ. तोच चंद्र. त्या दिवशी रविवारच्या सुट्टीचा नियम मला जड गेला.

झावळ्यांवरून आठवलं. रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली झावळी आम्ही घरी आणतो आणि क्रुसामागे खोचून ठेवतो. वर्षभर ती तिथेच. आधी हिरवी, मग पिवळी, पावसाळ्यात जरा बुरशी, मग कागदासारखी कोरडी. पुढच्या वर्षी या झावळ्या गोळा करतात, जाळतात, आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळावर येते. माझ्याकडे एकाच झावळीचे फोटो आहेत, दर महिन्याला एक, एकाच जागेवरून. बाहेरच्या कोणाला दाखवले तर म्हणतात, यात काय आहे? आमच्या घरात मात्र हेच फोटो सगळ्यांना आवडतात.

पवित्र आठवड्यात चर्चच बदलून जातं. गुरुवारी रात्रीच्या मिस्सानंतर वेदीवरचं कापड, फुलं, मेणबत्त्या, सगळं काढून घेतात. घंटा बंद होते, तिच्याऐवजी लाकूड वाजवतात. शुक्रवारी मिस्सा नसते. आणि शनिवारी रात्री सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात आगटी पेटवतात, तिच्यावरून पाश्काची मोठी मेणबत्ती पेटते. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. ती काळोख्या चर्चमध्ये येते, आणि तिच्यावरून एकाची, त्याच्यावरून शेजाऱ्याची, असं करत करत शेकडो मेणबत्त्या पेटतात.

इथे तुमचा फोन तुमचा शत्रू आहे. नाइट मोड काय करतो? एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकमेकांवर रचतो आणि अंधारातलं सगळं उजळ करतो. परिणाम असा की काळोखं चर्च ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं. ज्याने कोणी ते फीचर लिहिलं त्याचं काम उत्तम आहे, मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, मला त्या मेहनतीची कदर आहे. पण त्या रात्री काळोख हाच तर विषय असतो. नाइट मोड बंद करा, फ्लॅश तर नकोच, चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. आणि थांबा. वारा आला की माणूस ज्योतीला हाताचा आडोसा करतो, मेणबत्ती छातीशी घेतो. ज्योत निम्म्या अंतरावर आली की चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो, अकरावीचं फिजिक्स. तो एक सेकंद मिळतो.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं करावं का? मिस्सा चालू असताना फोन काढावा का? आमच्या युवा गटात यावरून दरवर्षी वाद होतो.

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही खऱ्या. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. लॉकडाऊन, चर्चला कुलूप. फादर रिकाम्या बाकांसमोर मिस्सा करत होते आणि आम्ही यूट्यूबवर. माझा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आजी नवीन साडी नेसून समोर बसली आणि फोनकडे बघून क्रुसाची खूण केली. आमच्या गावातले कितीतरी जण कुवेतला, कॅनडाला आहेत, ते आजही तसंच बघतात. तेव्हा "कॅमेरा चर्चमध्ये नकोच" असं कोणी म्हणालं की मला आजी आठवते.

दुसरी गोष्ट. २०२४ च्या गुड फ्रायडेला लोक रांगेने पुढे जाऊन क्रुसाचं चुंबन घेत होते. गावातल्या एक मावशी, त्यांचा मुलगा आदल्या पावसाळ्यात अपघातात गेलेला. त्या वाकल्या आणि त्यांना उठताच येईना. गर्दीतल्या कोणीतरी ते शूट केलं, मागे सॅड म्युझिक लावलं, रील टाकलं. दोन दिवसांत ते सगळ्या वसईत फिरलं. खाली कमेंट काय, "हार्ट टचिंग". काढणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मानतो. आणि फोटोग्राफीच्या हिशेबाने ते रील चांगलं होतं, हेही खरं. पुढच्या वर्षी मावशी शेवटच्या बाकावर बसल्या. क्रुसाकडे गेल्याच नाहीत.

तेव्हापासून आमच्या गटाने ठरवलं की शुक्रवारी फोन बाहेरच ठेवायचे. लाइव्हसाठी एकच कॅमेरा, तो मागे, उंचावर, फक्त वेदीकडे तोंड केलेला. एक मित्र अजूनही म्हणतो की हे जास्त होतंय, दुःखाचा फोटो काढायचाच नाही तर मग फोटो कशाला. त्याच्याशी मी पूर्ण असहमत नाही. माझ्या चाळीस फोटोंत शुक्रवारचा फोटो हल्ली चर्चबाहेरच्या चपलांचा असतो.

गेल्या आठवड्यात मावशींनी मला कुंपणावरून हाक मारली. "तू ते रोज फोटो काढतोस ना रे, माझा एक काढ." मी जरा गडबडलो. आमच्याकडे म्हातारी माणसं फोटो काढून घेतात ते बऱ्याचदा नंतरच्या कार्डासाठी, ते सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. मी म्हटलं, "मावशी, एवढी काय घाई?" त्या म्हणाल्या, "त्याच्यासाठी नाही. लोकांकडे माझा तोच रडतानाचा आहे. दुसरा एक असू दे."

संध्याकाळी साडेपाचला गेलो, ऊन तिरकं झाल्यावर. त्यांच्या अंगणात मोगऱ्याला नुकत्याच कळ्या धरल्यात. त्या खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसल्या, पदर नीट केला, चष्मा काढला, परत लावला. मी बटण दाबलं. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "केस बघ कसे उडालेत. परत काढ."

एकच फोटोचा नियम त्या दिवशी मोडला. अकरा काढले. त्यातले नऊ त्यांनी स्वतः डिलीट केले.

चला, तुमच्याकडे सध्या कुठलं झाड फुललंय ते मला मेसेज करा, फोटो असेल तर अजून चांगलं. नाइट मोडचा नको. भेटू पुढच्या रविवारी.