तुळशीला दिवा कोणता लावावा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत आयुष्यभर हिशेब केला. आज एका तुळशीचा हिशेब सांगतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या सौ.ना गच्चीवर चढणं बंद झालं. तिथली तुळस आरमोरीच्या त्यांच्या माहेरच्या वृंदावनातल्या बियांची. ते घर आता राहिलं नाही, म्हणून कुंडी खाली हॉलमध्ये आणली. महिन्याभरात पानं गळायला लागली. सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त रोज पानं वेचून ठेवायच्या. मला ते बघवेना.

मी जांभळ्या प्रकाशाचा महागडा दिवा आणला आणि छताला टांगला. काहीही फरक नाही! चूक माझीच होती. आपल्या डोळ्याला हॉल उजळ वाटतो, कारण बाहुली अंधारात मोठी होते. झाडाला ती सोय नाही. मोबाईलवरच्या मीटरने मोजलं, तर कुंडीपाशी २०० लक्सही नव्हते. बाहेरच्या भर उन्हात ते लाखाच्या घरात जातात.

आलापल्लीला पोस्टिंग असताना वनरक्षक सांगायचे, "साहेब, सागाला सावली सोसत नाही." तुळसही त्यातलीच. मनीप्लँट मात्र कमी उजेडात तग धरतो. म्हणून आधी झाड पाहा, मग खिडकी, आणि शेवटी दिवा.

दिवा घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, रंग. झाडाला निळा आणि लाल दोन्ही लागतात. साध्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात, जांभळ्याचा हट्ट नको. जुना पिवळा बल्ब नकोच. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते, आणि चंद्रपुरात उष्णतेची काय कमी आहे! दुसरी, अंतर. बल्ब दुप्पट लांब नेला, की प्रकाश चौथाईवर येतो. तिसरी, वेळ. रोज १२ तास पुरेत, रात्री अंधार हवा. शेवंतीच्या कुंडीवर तर रात्री दिवा नकोच, फुलंच धरणार नाहीत. लांब रात्र झाल्याशिवाय तिला कळी येत नाही.

मी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब कुंडीच्या वर फूटभर अंतरावर लावल्या, सोबत टायमर. ४० वॅट गुणिले १२ तास, म्हणजे दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला साधारण १५ युनिट. ऊर्जानगरचं वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं असलं, तरी बिल आपल्यालाच येतं. खिडकीतलं ऊन फुकट असतं. आणि हो, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. तीही उजेड अडवते.

दीड महिन्याने नवी पालवी आली. अंगणातल्यासारखी दाट नाही, पण आली. यंदा मंजिऱ्याही धरल्या. सौ.नी बिया पुडीत बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी घरी या. फक्त आधी आपली खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहून या.